म्हैसूरची मोटारसायकल आणि तिचे बोहेमियातील पूर्वज

मोटारगाडीच्या कोणत्याही भागावर बोट ठेवले, तर तो भाग एखाद्या गावाचे नाव सांगतो. पावसात काच पुसणारा वायपर 1903 साली अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी पेटंट केला. चकतीवर चिमटा बसवून चाक थांबवण्याची कल्पना त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांना सुचली. खांदा आणि कंबर दोन्ही जखडणारा सुरक्षा पट्टा 1959 साली स्वीडनच्या व्होल्वो कारखान्यातील नील्स बोलिन यांनी दिला. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे श्रेय श्टुटगार्टच्या बॉशकडे जाते. रस्त्यावरून धावणारे वाहन हे अशा रीतीने अनेक गावांचे संमेलन असते. त्या संमेलनात आपल्या प्रदेशाचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न भारतात फारसा विचारला जात नाही. विचारला गेलाच तर उत्तर देशाभिमानाने दिले जाते किंवा खेदाने, पण हिशेब मांडून क्वचितच दिले जाते. प्रस्तुत व्याख्यानात हा हिशेब म्हैसूर या एका नगरापुरता मांडण्याचा प्रयत्न आहे. आजचे शासकीय नाव म्हैसूरु असले, तरी मराठी वाचकाच्या कानाला सवयीचे म्हैसूरच येथे वापरले आहे.

हा हिशेब वाहनापासून नव्हे, एका न झालेल्या वाहनापासून सुरू करावा लागतो.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाले आणि 1884 पासून त्यांची नोकरी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात होती. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे त्यांनी बसवले, ही गोष्ट पुणेकरांना सांगावी लागत नाही. 1912 ते 1918 या काळात ते म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. दिवाणपद सोडल्यानंतरही त्यांच्या डोक्यातील कारखाने थांबले नाहीत. 1934 मध्ये त्यांनी भारताच्या नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचाहत्तरीत, मोटारधंदा पाहण्यासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. परत येताना त्यांच्यापाशी आकडे होते: किती गाड्या काढल्या तर कारखाना पायावर उभा राहील, भांडवल किती लागेल, कोणते भाग प्रथम बाहेरून आणावे लागतील आणि कोणते येथे ओतता येतील. म्हातारपणी तीर्थयात्रेला जाणारी माणसे या देशाने पुष्कळ पाहिली आहेत. या वयात डेट्रॉइटला जाणारा हा गृहस्थ विरळा.

ही योजना उचलून धरली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आगबोटी, साखर, बांधकाम अशा क्षेत्रांत इंग्रजी मक्तेदारीशी झुंज घेतलेला हा उद्योगपती. 1937 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि बाळासाहेब खेर यांच्या सरकारने या कल्पनेकडे सहानुभूतीने पाहिले. 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, महायुद्ध पेटले. वालचंद अमेरिकेत होते. फोर्डकडे आणि जनरल मोटर्सकडे त्यांची डाळ शिजली नाही. क्रायस्लरशी मात्र बोलणे जमले. मग म्हैसूर सरकारच्या साहाय्याने तेथे कारखाना काढावा, असा विचार पुढे आला. संस्थान अनुकूल होते. परंतु संस्थानाला भांडवल गुंतवायचे असले, तरी वरच्या सत्तेची मर्जी राखावी लागे आणि दिल्लीच्या लेखी मोटारीचा कारखाना ही युद्धकार्यातील निकड नव्हती. सैन्याला लागणारे ट्रक समुद्रापलीकडून येत होते आणि पाठवणाऱ्या कंपन्यांना या देशात प्रतिस्पर्धी उभा राहणे रुचणार नव्हते.

या कथेला एक विलक्षण फाटा फुटतो. 1939 च्या त्याच प्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून म्हैसूर सरकारच्या भागीदारीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. मोटार करण्यास ज्यांना अनुमती नव्हती, त्यांना विमान करण्यास मुभा मिळाली; कारण युद्धाला विमाने हवी होती. मोटारीचे स्वप्न अखेर मुंबईत उतरले. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याने पहिली वाहने बाहेर पडली. म्हैसूरच्या वाट्याला चार चाकांची गाडी आली नाही. दोन चाकांची यायला आणखी चौदा वर्षे लागायची होती, आणि ती डेट्रॉइटहून येणार नव्हती.

ती आली बोहेमियाहून. म्हणून आता थोडा मुक्काम त्या प्रदेशात करणे भाग आहे.

मध्य युरोपातील बोहेमिया आणि मोराविया हे दोन प्रांत पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, 1918 नंतर चेकोस्लोव्हाकियात आले आणि 1993 पासून चेक प्रजासत्ताकात आहेत. भूमी लहान, लोकवस्ती बेताची; पण वाहनविद्येच्या इतिहासात तिने व्यापलेली जागा तिच्या नकाशावरील आकाराशी जुळत नाही. प्रारंभ कसा झाला त्याची एक हकीकत तेथे घरोघर सांगितली जाते आणि भाषेच्या अभ्यासकाला ती विशेष भावेल. म्लादा बोलेस्लाव या गावी वाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता राहत असे. त्याने घेतलेली सायकल बिघडली. ती जर्मन कंपनीची होती. दुरुस्तीसाठी त्याने चेक भाषेत पत्र लिहिले. उत्तर आले ते असे, की उत्तर हवे असेल तर आम्हाला समजणाऱ्या भाषेत लिहा. क्लेमेंटने जर्मनमध्ये पत्र लिहिले नाही. वाक्लाव लॉरिन या कारागिराला हाताशी धरून 1895 मध्ये त्याने स्वतःच सायकली करण्यास सुरुवात केली. पुढे मोटारसायकली, 1905 पासून मोटारी. आणि 1925 मध्ये ही कंपनी श्कोडा या मोठ्या उद्योगात विलीन झाली. याच श्कोडाचा कारखाना 2001 मध्ये महाराष्ट्रात औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला सुरू झाला. भाषेच्या अपमानातून निघालेली गाडी शंभर वर्षांनी मराठवाड्यात पोहोचली.

मोरावियातील कोप्रझिव्नित्से गावच्या टाट्रा कारखान्याचे नाव ऐकून मराठी माणसाच्या मनात आपल्या टाटांचे नाव येते. दोहोंचा संबंध नाही. टाट्रा हे तेथील पर्वताचे नाव. हान्स लेडविंका या अभियंत्याने 1923 मध्ये टाट्रा 11 ही मोटार रचली. तोपर्यंत मोटारीचा सांगाडा शिडीसारखा, दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे दांडे असा असे. लेडविंकाने तुळया काढून टाकल्या आणि मधोमध एक जाड पोलादी नळी घातली. चाकांकडे शक्ती नेणारा दांडा त्या नळीच्या पोटातून फिरतो आणि चाकांचे अर्धे आस दोन्ही अंगांनी स्वतंत्रपणे वरखाली होतात. माशाचा काटा डोळ्यांपुढे आणला म्हणजे ही रचना ध्यानात येते. खाचखळग्यांत एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे जमीन सोडत नाही आणि सांगाडा पिळवटत नाही. 1934 मध्ये याच कारखान्याने टाट्रा 77 ही हवेचा अवरोध कमी करणारी, मागे इंजिन असलेली गाडी काढली. तिच्या कल्पना फोक्सवॅगनमध्ये उतरल्या, असा वाद पुढे कित्येक वर्षे चालला आणि महायुद्धानंतर फोक्सवॅगनला टाट्राला भरपाई द्यावी लागली. लेडविंकाची ती नळी भारतातही आली आहे. बंगळूरच्या भारत अर्थ मूव्हर्स या सार्वजनिक कंपनीने 1986 मध्ये टाट्राशी करार केला आणि भारतीय सैन्याची अवजड वाहने त्या सांगाड्यावर धावू लागली. लद्दाखच्या वाटेवर वाहन हाकणाऱ्या जवानाला आपल्या खाली मोरावियाचा काटा आहे, हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

आता तिसरे नाव, आणि म्हैसूरच्या दृष्टीने मुख्य. फ्रांतिशेक यानेचेक हा शस्त्रास्त्रांचा कारखानदार. 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा त्याने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा विकत घेतला. यानेचेकमधील पहिली दोन अक्षरे आणि वांडररमधील पहिली दोन, यांचा संधी होऊन 1929 मध्ये यावा हे नाव जन्मले. भारतात त्याचा उच्चार जावा असा रूढ झाला आणि इंडोनेशियाच्या बेटाशी त्याचा संबंध जोडणारेही पुष्कळ भेटतात. पहिले वाहन जड होते, महाग होते आणि खपले नाही. यानेचेकने इंग्लंडमधून जॉर्ज पॅचेट नावाचा रचनाकार आणवला आणि 1932 मध्ये इंग्रजी व्हिलियर्स इंजिन घातलेली 175 घनसेंटिमीटरची हलकी गाडी काढली. तिने कंपनी तारली. त्यानंतर जर्मनीच्या डीकेडब्ल्यूकडून टू-स्ट्रोक इंजिनातील वायुप्रवाहाची श्नुर्ले पद्धत परवान्याने घेतली.

येथे श्रोत्यांनी क्षणभर थांबावे. आराखडा जर्मन, रचनाकार इंग्रज, इंजिन इंग्रज, वायुप्रवाहाची पद्धत पुन्हा जर्मन. यात बोहेमियाचे काय होते? 1932 साली प्रामाणिक उत्तर द्यायचे झाले असते, तर फारसे काही नाही असेच द्यावे लागले असते. जगातील बहुतेक उद्योगांचे बालपण असेच उसनवारीवर जाते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न बालपणाचा नसून वयात येण्याचा असतो.

यावा वयात आली ती दास्याच्या काळात. 1939 मध्ये नाझी जर्मनीने बोहेमिया गिळला. कारखान्यांत जर्मन युद्धकाम सुरू झाले. नव्या मोटारसायकलीची रचना करणे हा गुन्हाच होता. तरी तेथील अभियंत्यांनी चोरून नवी 250 घनसेंटिमीटरची गाडी आखली. तिच्या चाचण्या घेताना टाकीवर डीकेडब्ल्यूची खूण लावली जाई, असे सांगतात. यानेचेक 1941 मध्ये वारला. त्याला ती गाडी रस्त्यावर पाहता आली नाही. 1946 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती प्रकटली, तेव्हा युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात एवढी नवी वस्तू दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असेल. मागच्या चाकाला स्प्रिंगा असल्याने लोकांनी तिला पेराक म्हटले. उड्या मारणारा पेराक हे जर्मन अमलात प्रागमधील गल्ल्यांतून शत्रूला चकवणाऱ्या एका काल्पनिक भुताचे नाव होते. 1954 च्या सुमारास मागचे चाक झुलत्या भुजेवर बसवलेली सुधारलेली आवृत्ती, 353 क्रमांकाची, बाहेर पडली. म्हैसूरला जे बीज आले ते हेच.

या गाडीची तीन वैशिष्ट्ये सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पहिले म्हणजे डाव्या पायाजवळची दांडी. इतर मोटारसायकलींना इंजिन चालू करण्यासाठी एक किक आणि गियर बदलण्यासाठी दुसरी दांडी असे. येथे एकच. ती आत, इंजिनाकडे दाबून वर फिरवली की किक होते. लाथ मारून इंजिन चालू झाले की पुन्हा पुढे आणावी, म्हणजे तीच गियरची दांडी. दोन आस एकाच्या पोटात एक असे बसवल्याने हे साधते. नवख्या माणसाला ही मोटारसायकल चालू करता येत नसे आणि त्यामुळे मालकाच्या चेहऱ्यावर जे मंद स्मित उमटे, तेही या रचनेचे फळ म्हटले पाहिजे.

दुसरे वैशिष्ट्य डोळ्यांना दिसत नाही. गियर बदलताना इंजिन आणि चाक यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. ते काम डाव्या हातातील क्लचचे. पेराकपासून यावाच्या गाड्यांत गियरच्या आसावर एक कॅम बसवलेला असे. पायाने दांडी हलवताच तो आधी क्लच उघडी आणि मग गियर सरके. म्हणजे एकदा गाडी चालू लागली की हाताने क्लच न दाबता गियर बदलता येत. पुढे स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित क्लच ही दुचाकींच्या जगात मोठी गोष्ट झाली. बोहेमियातील या लोकांनी ती एका साध्या उंचवट्याने साधली होती.

तिसरे, एकाच सिलिंडरला दोन धुराडी. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या दोनच धावांत सर्व कार्य उरकायचे असते. जळलेला वायू बाहेर जाणे आणि नवे मिश्रण आत येणे जवळजवळ एकाच वेळी चालते. बाहेरची वाट दोन अंगांना विभागल्याने प्रवाह समतोल राहतो आणि गाडीही दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तिचा नाद, थांबून थांबून येणारा तो घुमटा आवाज, या दोन धुराड्यांतून निघे. याशिवाय खिळ्यासारखी किल्ली, दिव्याच्या कवचातच बसवलेले वेगमापक अशा बारीकसारीक गोष्टी होत्याच.

मुंबईचे इराणी कुटुंब आयडियल मोटर्स या नावाने या गाड्यांची आयात करीत असे. 1950 नंतरच्या दशकात सरकारने तयार वाहनांची आयात आवळत आणली आणि देशात उत्पादन करा असा आग्रह धरला. मद्रासला एनफील्ड 1955 पासून उभी राहिली होतीच. लवकरच एस्कॉर्ट्स पोलंडच्या परवान्याने राजदूत काढणार होती. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरची निवड केली आणि 1960 मध्ये आयडियल जावा ही कंपनी तेथे स्थापन झाली. यादवगिरीतील कारखान्याचे उद्घाटन 1961 मध्ये जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झाले. ते पूर्वी म्हैसूरचे महाराज, आता राज्यपाल. संस्थानाच्या काळात ज्या नगराला मोटारीच्या कारखान्यापासून वंचित राहावे लागले, तेथे संस्थानाच्या अखेरच्या राजाने वाहनांच्या कारखान्याचे दार उघडले. शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेले विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. 1962 मध्ये ते निवर्तले.

प्रथम आयात केलेले भाग जुळवणे, मग एकेक भाग येथे घडवणे, असा क्रम होता. हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. घडवणे म्हणजे काय, हे ज्यांनी सिलिंडरच्या आतील पृष्ठभाग घासला आहे, त्यांना विचारावे. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातील अंतर केसाच्या जाडीहून कमी. ते वाढले तर शक्ती जाते, घटले तर उष्णतेने दट्ट्या फुगून आत जाम होतो. ज्या नगराची ख्याती रेशीम, चंदन आणि अगरबत्तीची होती, त्या नगरातील मुलांनी हे माप हाताने शिकून घेतले. कोणत्याही पेटंटच्या नोंदवहीत हे ज्ञान सापडत नाही. तरी म्हैसूरने वाहनविद्येत काय निर्माण केले, असे विचारल्यास पहिले उत्तर हेच आहे: एक कामगारवर्ग. पुढे त्याच नगराच्या परिसरात विक्रांत टायर्स आली; पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकन रॉकवेलच्या सहकार्याने 1981 मध्ये अवजड वाहनांचे आस करणारी ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स काढली; नंतर टीव्हीएसचा दुचाकींचा कारखाना आला. मोकळ्या माळावर कोणी असे कारखाने आणत नाही.

1973 पासून गाडीवरील नाव बदलले. चेक नावाच्या जागी येझदी आले. इराणमधील यझ्द हे झरथुष्ट्री लोकांचे प्राचीन नगर. इराणी कुटुंबांच्या स्मृतीतील मूळ स्थान. चेक गाडी, कन्नड कामगार, मुंबईचे मालक आणि फार्सी नाव. त्याच वर्षी म्हैसूर राज्याचेही नाव कर्नाटक झाले, हा योगायोगच. 1978 मध्ये रोडकिंग ही 16 अश्वशक्तीची अधिक जोमदार आवृत्ती निघाली. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत येझदी धावल्या, परदेशीही गेल्या. 1980 नंतरच्या दशकात दोन सिलिंडरची 350 निघाली. पण तिची किंमत आणि पेट्रोलची भूक मोठी असल्याने ती थोड्यांच्याच दारात पोहोचली.

आणि येथेच त्या मघाच्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. परवान्यावर जन्मलेल्या बोहेमियाच्या कंपनीला स्वतःची कल्पना सुचायला सतरा वर्षे लागली, आणि त्यांतील सहा वर्षे परकीय अमलाखालची होती. म्हैसूरच्या कंपनीला पस्तीस वर्षे मिळाली. या पस्तीस वर्षांत 1954 ची ती मूळ गाडी रंग, टाकी, दिवे आणि शक्ती यांत थोडी थोडी बदलत राहिली. तिच्या अंतरंगात नवे काही उगवले नाही. याचे खापर कामगारांच्या माथी फोडणारे आहेत, मालकांच्या माथी फोडणारेही आहेत. दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. परवाना-पद्धतीत किती गाड्या काढाव्यात, हे सरकार ठरवी. जेवढ्या काढल्या तेवढ्या खपत. ग्राहक आगाऊ पैसे भरून नंबर लावत असे. ज्या दुकानापुढे रांग आहे, त्या दुकानदाराला नवा माल शोधण्याची निकड कशी वाटावी? शिवाय नव्या रचनेसाठी लागणारी यंत्रे आणायची, तर परकीय चलन हवे. त्यासाठी पुन्हा अर्ज. यानेचेकची पहिली गाडी खपली नाही, हे त्याचे भाग्य ठरले. म्हैसूरची पहिलीच खपली.

मात्र सगळा दोष परिस्थितीवर टाकणेही बरे नव्हे. त्याच परवाना-पद्धतीत राहून पुण्याच्या दुचाकी उद्योगाने संशोधनाचा काही पाया घातला आणि वारे बदलताच तो तग धरू शकला. म्हैसूरला तशी तयारी दिसली नाही.

वारे 1984 नंतर बदलले. जपानी सहकार्याने 100 घनसेंटिमीटरच्या गाड्या आल्या: सुझुकी, यामाहा, होंडा, कावासाकी. त्यांतही होंडाची फोर-स्ट्रोक गाडी एका लिटरमध्ये इतके अंतर काढी, की येझदीच्या मालकालाही मनातल्या मनात वजाबाकी करावी लागली. पुढे 1991 पासून धुराचे नियम लागू झाले आणि 1996 मध्ये ते कडक झाले. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच जळते आणि न जळलेल्या मिश्रणाचा काही अंश तसाच बाहेर पडतो. ते या जातीचे जन्मजात व्यंग आहे. दोन धुराड्यांच्या ज्या नादावर लोक लुब्ध होते, त्यातूनच तो निळा धूर निघत होता. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2001 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. येणे असलेल्या रकमांसाठी कामगार त्यानंतरही न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. ज्यांचे हात त्या केसभर अंतराला सरावले होते, त्यांतील काहींनी गल्लीत लहान दुरुस्तीशाळा काढल्या, काही अन्य कारखान्यांत गेले, काहींनी तो हात पुन्हा कधी वापरलाच नाही. यंत्र भंगारात गेले तर त्याचे वजन करता येते.

जुन्या म्हैसूर संस्थानच्या मुलुखात नवी कल्पना उगवलीच नाही असे मात्र नाही. बंगळूरला चेतन मैनी यांनी 2001 मध्ये रेवा ही विजेवर चालणारी छोटी मोटार काढली. ब्रेक लावताना वाया जाणारी गती पुन्हा विजेच्या रूपाने साठवणारी तिची योजना त्या काळी भारतात अपूर्व होती, आणि लंडनच्या रस्त्यांवर तिने बऱ्यापैकी संख्येने वावर केला. देशात ती थोड्यांनीच घेतली. 2010 मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली. याच महिंद्राच्या गुंतवणुकीतून क्लासिक लेजंड्स या कंपनीने नोव्हेंबर 2018 मध्ये जावा हे नाव भारतात पुन्हा आणले आणि जानेवारी 2022 मध्ये येझदीही आणली. कारखाना म्हैसूरला नव्हे, मध्य प्रदेशातील पीथमपूरला. इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. चालू करण्यास बोटाने दाबायची कळ. जावाच्या एका सिलिंडरला दोन धुराडी मात्र हौसेने राखली आहेत. येझदी या नावावर हक्क कोणाचा, बंद पडलेल्या कंपनीच्या देणेकऱ्यांचा की इराणी कुटुंबाचा, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. तीन अक्षरांच्या मालकीसाठी मोठमोठे वकील उभे राहिले, ही गोष्ट त्या गाडीच्या किमतीविषयी पुष्कळ सांगून जाते.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातील जुन्या जावा आणि येझदींचे मालक एकत्र जमतात. म्हैसूरलाही जमतात. तरुण पोरे आजोबांची गाडी घेऊन येतात. ती चालू होत नाही, तेव्हा गर्दीतून एखादे पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे होतात, दांडी आत दाबून वर फिरवतात, एका लाथेत इंजिन पेटवतात आणि काही न बोलता बाजूला सरतात. यादवगिरीत त्यांनी किती वर्षे काढली, हे पोरांनी विचारले तर ते सांगतात.